जुन्या मोटारीचें तेल

माझ्या लहानपणीं आमच्या गांवीं बैलगाड्या होत्या. लांबच्या वाटेला लागण्यापूर्वीं गाडीवान एक काम न चुकतां करी. गाडीखालीं टांगलेलें वंगणाचें नळकांडें तो सोडी, चाक थोडें बाहेर सरकवी, आणि काळें, दाट वंगण आंसाला चोपडून मगच बैलांच्या मानेवर जूं ठेवी. त्यानें यंत्रशास्त्राचें पुस्तक कधीं उघडलें नव्हतें. परंतु कोरड्या आंसावर चाक फिरलें कीं बैल दमतात आणि अखेर आंस झिजून जातो, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. शिवाय एखाद्यानें आळस केलाच, तर त्याचें चाक सबंध वाटभर करकरत जाई आणि सारें गांव त्याला हंसे. मोटारीचें इंजिन असें करकरत नाहीं. तें निमूटपणें सोसतें; आणि तें बोलूं लागतें तेव्हां बहुधा बोलण्याची वेळ टळून गेलेली असते.

आज मला बोलावयाचें आहे तें जुन्या मोटारीच्या इंजिनाविषयीं आणि त्यांतील तेलाविषयीं. मी यंत्रकार नाहीं. तीस वर्षें मीं शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें, आणि घर्षण हा धडा तर दरवर्षीं फळ्यावर आकृत्या काढून समजावून दिला. असें असूनहि माझ्या ताब्यांतील एका इंजिनाचें मीं जें केलें, तें सांगितल्यावांचून पुढचें कांहीं सांगण्याचा मला अधिकार पोंचत नाहीं. तेव्हां आरोपीच्या पिंजऱ्यांतूनच मी हें भाषण करीत आहें असें आपण समजावें.

मोटार माझ्या थोरल्या बंधूंची. दादांनीं ती २००४ सालीं घेतली. २०१७ च्या अखेरीस ते वारले, आणि कांहीं दिवसांनीं वहिनींनीं तिची किल्ली माझ्या हातीं ठेवली. त्या मोटारीची मीं हेळसांड केली असें शेजारीपाजारीं कोणीहि म्हणणार नाहीं. दर रविवारीं मी ती धूत असें, कांचा जुन्या वर्तमानपत्रांनीं पुशीत असें, वर्षांतून दोनदां मेण लावून चकचकीत करीत असें. चालवीत मात्र फार थोडी असें. मंडई, बँक, वाचनालय. दोन-तीन किलोमीटरांपलीकडे जाणें क्वचित् होई. साडेचार वर्षांत ती पुरे नऊ हजार किलोमीटरदेखील चालली नव्हती. मोटारीबरोबर आलेल्या पुस्तिकेंत 'दर दहा हजार किलोमीटरांनीं तेल बदलावें' असें छापलेलें होतें. अजून एक हजार शिल्लक आहेत असा माझा हिशेब, आणि या काटकसरीचें मला मनांतून कौतुकहि वाटे. त्याच वाक्याचा उत्तरार्ध 'किंवा एका वर्षानें, यांपैकीं जें आधीं घडेल तेव्हां' असा होता. तो मीं वाचला नव्हता असें नाहीं. तो माझ्यासाठीं नाहीं, असें मीं ठरवून टाकलें होतें.

या उत्तरार्धांत केवढें शास्त्र भरलेलें आहे तें आतां पाहूं. १८८३ च्या सुमारास इंग्लंडांत बीचम टॉवर नांवाचे इंजिनियर आगगाडीच्या आंसासाठीं लागणाऱ्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. वरून तेल सोडावें म्हणून त्यांनीं बेअरिंगच्या माथ्यावर एक छिद्र पाडलें. परंतु आंस फिरूं लागतांच तेल आंत उतरण्याऐवजीं त्या छिद्रांतून उलट वर येऊं लागलें. त्यांनीं छिद्रांत बूच बसविलें, तर आंतल्या तेलानें तेंहि हळूहळू वर ढकलून दिलें. या लहानशा चमत्काराची उकल ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं १८८६ सालीं गणितानें केली. फिरणारा दांडा आपल्याबरोबर तेलाला अरुंद फटींत खेंचून नेतो. तेथें तें पाचरीसारखें दाटतें, त्याचा दाब वाढतो, आणि तो सबंध भार तोलून धरतो. म्हणजे निरोगी इंजिन वेगांत चालत असतां त्याचा मुख्य दांडा बेअरिंगवर टेकलेलाच नसतो. तो तेलावर तरंगत असतो. हा तेलाचा पदर केंसाच्या जाडीहून कितीतरी पातळ असतो. इंजिनाचें सारें आयुष्य त्या पदरावर अवलंबून आहे.

परंतु हा पदर वेगानें निर्माण होतो, हें ध्यानांत ठेवावें. आपण किल्ली फिरवितों त्या क्षणीं वेग नसतो, आणि रात्रभरांत वरचें बरेंचसें तेल निथळून खालच्या चेंबरमध्यें उतरलेलें असतें. पंपानें तें पुन्हां वर पोंचवीपर्यंत धातूची धातूशीं गांठ पडते. त्या कठीण क्षणांसाठीं तेलांत जस्त व फॉस्फरस यांचीं संयुगें घातलेलीं असतात. तीं धातूच्या अंगावर एक रासायनिक कवच धरतात. याखेरीज काजळी आपल्यांत तरंगती ठेवणें, आम्लें मारणें, गंज रोखणें, पिस्टनची उष्णता वाहून नेणें आणि रिंगांच्या फटी बुजविणें, हीं सारीं कामें तेंच तेल करतें. यांतील कित्येक कामांसाठीं तेलांत घातलेलीं द्रव्यें हें एक भांडवल असतें, आणि तें खर्च होत जातें. तेल दिसावयास तेलच राहतें; त्याच्यांतील पुण्याई संपलेली असते.

आतां माझ्या हिशेबांतील चूक पाहा. पेट्रोल जळलें म्हणजे धुराबरोबर पाणीहि निर्माण होतें, आणि तें थोडेंथोडकें नव्हे. एक लिटर पेट्रोलापासून जवळजवळ एक लिटर पाणी होतें. त्यांतील बहुतेक वाफेच्या रूपानें मागच्या नळींतून निघून जातें. परंतु थोडी वाफ रिंगांच्या बाजूनें खालीं उतरते, आणि इंजिन गार असेल तर तेथेंच थिजून तेलांत मिसळते. न जळलेल्या पेट्रोलाचेंहि तसेंच होतें. मोटार तास-अर्धा तास सलग चालली तर तेल पुरतें तापतें आणि हा ओलावा उडून जातो. माझी मोटार दहा मिनिटें चालून मंडईपाशीं उभी राही. तेल तापावें तोंच तें निवूं लागे. ओलावा सांचला, आम्लें सांचलीं, काजळी त्यांत कालवली गेली, आणि तेलाचा चिखल झाला. टॅक्सीचें उदाहरण घ्या. मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धांवणाऱ्या पद्मिनी टॅक्सी दिवसाकांठीं किती हिंडत! पण सकाळीं एकदां तापलेलें त्यांचें इंजिन रात्रीपर्यंत सहसा गार पडत नसे. टॅक्सीचे शंभर किलोमीटर आणि माझे मंडईचे शंभर किलोमीटर हे इंजिनाच्या दृष्टीनें सारखे नव्हेत. मोटार कमी चालली म्हणून तेल टिकलें, ही समजूत घरोघरीं आढळते, आणि ती सर्वस्वीं चुकीची आहे.

या चुकीचा जाब मला २०२२ च्या मे महिन्यांत द्यावा लागला. वहिनींना घेऊन मी पुण्याहून साताऱ्यास निघालों होतों. खंबाटकीचा घाट चढतांना एका वळणावर तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लुकलुकला आणि विझला. पुढच्या वळणावर तो पुन्हां लागला. तेल कमी असलें म्हणजे चढावर आणि वळणावर तें चेंबरच्या एका अंगास सरकतें, पंपाचें तोंड उघडें पडतें आणि तेलाऐवजीं हवा ओढली जाते. हें मला ठाऊक नव्हतें असें म्हणण्याचीहि सोय मला नाहीं. तरी मीं काय केलें? माथा आतां जवळच आला आहे, अशी मनाची समजूत घालून मी चालवीत राहिलों. माथ्यावर पोंचेपर्यंत दिवा कायमचा लागला होता, आणि कोणी लोखंडी दार ठोठवावें तसा ठोक् ठोक् आवाज इंजिनाच्या बुडांतून येऊं लागला होता. तेव्हां कोठें मीं तें बंद केलें. शहात्तर वर्षांच्या वहिनी भर उन्हांत रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसून राहिल्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत.

दुसऱ्या मोटारीला बांधून आमची मोटार पुण्यास परत आली, ती दादा जेथें नेहमीं काम करवीत त्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्यें. त्यांनीं खालचा बोल्ट सोडला. तीन लिटर तेल निघावयास हवें होतें. निघालें तें दीड लिटरहि नव्हतें, आणि तें धारेनें न पडतां काकवीसारखें ओघळलें. वरचें झांकण काढलें तर आंत काजळ कालवलेल्या लोण्यासारखा थर. पंपाच्या तोंडाची जाळी अर्धीअधिक बुजलेली. बेअरिंगांवरचा मऊ थर घासला जाऊन खालचें तांबें दिसूं लागलेलें. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, हें इंजिन म्हातारें झालेलें नाहीं, उपाशी राहिलें आहे."

मोटारींतील सामान बाहेर काढतांना समोरच्या खणांत एक लहान वही निघाली. ती वहिनींनीं ओळखली. दादांचें अक्षर. दर सहा महिन्यांस एक ओळ: तारीख, किलोमीटरांचा आंकडा, आणि 'तेल व फिल्टर बदलला' एवढेंच. तेरा वर्षांत खाडा नाहीं. शेवटची ओळ २०१७ च्या ऑगस्टांतली. पुढचीं पानें कोरीं. वहिनींनीं वही मिटली आणि त्या म्हणाल्या, "भाऊजी, गाडी तुम्हांला दिली ती नुसती पुसायला नव्हे." त्यावर मजजवळ उत्तर नव्हतें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कांहींच्या घरीं अशीच एखादी वडिलार्जित किंवा जुनी घेतलेली मोटार असेल, आणि तिचें तेल मागें केव्हां बदललें हें कोणासच आठवत नसेल. तिच्या बाबतींत काय करावें तें आतां सांगतों.

पहिलें काम फुकटचें आहे. मोटार सपाट जागेवर उभी करावी, इंजिन बंद करून पांच-दहा मिनिटें थांबावें, तेल मोजण्याची पट्टी काढून पुसावी, पुन्हां पुरती आंत घालून बाहेर काढावी आणि पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. खालच्या खुणेखालीं असेल तर आधीं भर घालावी, मग मोटार हलवावी. वरच्या खुणेच्या वर मात्र भरूं नये. फिरत्या दांड्याचा फटका बसून तेलाला फेंस येतो, आणि फेंसाचा पदर भार तोलीत नाहीं. तेल काळें दिसलें म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं. चांगलें तेल काजळी पोटांत घेतें म्हणूनच काळें होतें. बोटांत चोळून कण लागले, पट्टीवरून न ओघळतां गोळा होऊन राहिलें, किंवा ताकासारखें पांढुरकें दिसलें, तर मात्र काळजी करावी. पांढुरकें तेल म्हणजे आंत पाणी आहे. तें थोड्या चालीमुळें सांचलें असेल, किंवा गॅस्केट फुटून इंजिन गार ठेवण्याचें पाणी तेलांत शिरत असेल. दुसऱ्या प्रकारांत मोटार चालवूंच नये.

दुसरें, धुराकडे व आवाजाकडे लक्ष द्यावें. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. सकाळीं सुरू करतांना एक निळा लोट निघून थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात; तें काम मोठें नव्हे. वेग घेतांना सतत निळा धूर येत असेल तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा समजावा. वरून येणारी हलकी टकटक बहुधा टॅपेटची असते. बुडांतून येणारा, भार पडतांच वाढणारा जड ठोका बेअरिंगचा असतो. तो ऐकूं आला कीं इंजिन तेथेंच बंद करावें. तांबड्या दिव्याचेंहि तेंच. तो दिवा सल्ला देत नाहीं, आज्ञा देतो. घाटाचा माथा समोर दिसत असला तरी थांबावें.

तिसरें, उपचारापूर्वीं मोजमाप करावें. आमच्या मिस्त्रींनीं बेअरिंगें बदलून व जाळी साफ करून इंजिन जोडलें, आणि मग प्रत्येक सिलिंडरमध्यें किती दाब धरतो तें मोजलें. दोन सिलिंडरांत तो कमी भरला. त्या दोहोंत त्यांनीं चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजलें, तों दाब वाढला. तेलानें रिंगांची फट क्षणभर बुजली म्हणून दाब वाढला. अर्थात् झीज रिंगांत होती. तेल सोडूनहि दाब वाढला नसता तर दोष व्हॉल्व्हमध्यें शोधावा लागला असता. इतक्या सोप्या परीक्षेनें हजारों रुपयांचें नसतें काम टळतें. बाजारांत मिळणारे इंजिन नवें करण्याचे अर्क ओतणें म्हणजे, रोग कशांत आहे हेंच न पाहतां, म्हशीच्या रोगाला पखालीवर इलाज करण्यासारखें आहे.

मीं मिस्त्रींना विचारलें होतें, "एखादें तीव्र औषध घालून आंतला सारा गाळ एकदम धुऊन टाकतां येणार नाहीं काय?" ते म्हणाले, "इतक्या वर्षांचा गाळ एका दिवसांत सुटला तर जाईल कोठें? त्याच जाळीवर जाऊन बसेल." म्हणून त्यांनीं चेंबर उतरवून हातानें साफ केलें, पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रतीचें तेल व नवा फिल्टर घातला, आणि हजार किलोमीटर झाल्यावर परत यावयास सांगितलें. तें तेल काळें शाई होऊन निघालें. पुन्हां नवें तेल, नवा फिल्टर. पुढचें अडीच हजारांनीं. चिखल हळूहळू विरघळत गेला. हयगयीचें कर्ज असें हप्त्यांनींच फेडावें लागतें.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. नवें तेल झिजलेली धातू परत आणीत नाहीं. तें फक्त पुढची झीज थोपवितें. आमच्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या त्या झिजल्याच, आणि तें अजूनहि थोडें तेल खातें. सिलिंडर वाटोळे न राहतां लंबगोल झाले असते तर ते बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवावे लागले असते. त्या वेळीं मात्र खर्च आणि मोटारीचें उरलेलें आयुष्य यांचा हिशेब शांतपणें करावा. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं तपासणी करून पुढें पांच-पांच वर्षांसाठीं वाढवून घ्यावी लागते; तो प्रसंग या हिशेबास योग्य असतो. धूर व ठोका दडपण्यासाठीं फार दाट तेल घालण्याची युक्ति करूं नये. दाट तेल सकाळीं वर चढावयास वेळ लावतें, म्हणजे ज्या क्षणीं झीज सर्वांत अधिक, तो क्षणच आपण लांबवितों. जुनी मोटार विकत घेणारांनीं तर या युक्तीपासून सावध असावें, आणि इंजिन गार असतांनाच तें आपल्यासमोर सुरू करावयास सांगावें.

आणखी दोन लहान सूचना. तेल सुटें न घेतां बंद डब्यांतलेंच घ्यावें, आणि रिकामा डबा भोंसकून टाकावा, म्हणजे त्यांत भेसळीचें तेल भरून तो पुन्हां कोणाच्या माथीं मारला जाणार नाहीं. काढलेलें तेल गटारांत किंवा झाडाच्या बुडाशीं ओतूं नये. तें विषारी असतें, आणि कायद्यानेंहि तें घातक कचऱ्यांत मोडतें. अधिकृतपणें जुनें तेल गोळा करणाराकडेच तें जावें.

मला दिलेला वेळ संपत आला. बैल गेला आणि झोपा केला, अशी माझी स्थिति होती. दैव बरें म्हणून बैल थोडक्यांत वांचला. आतां रविवारचा माझा क्रम उलटा झाला आहे. आधीं पट्टी काढून तेल पाहतों, मग पुसण्याचा फडका हातीं घेतों. आणि आठवड्यांतून एकदां मोटार वीस-पंचवीस किलोमीटर सलग नेऊन आणतों, म्हणजे तेल पुरतें तापतें. दादांच्या वहींत त्यांच्या शेवटच्या ओळीखालीं मीं एक ओळ रिकामी सोडली आहे. तेथें लिहिण्याजोगें माझ्याजवळ कांहीं नव्हतें. तिच्या खालच्या ओळीपासून तारीख, किलोमीटर आणि 'तेल व फिल्टर बदलला' एवढेंच मी लिहीत आलों आहें. आपल्या घरच्या मोटारीच्या खणांत अशी वही आहे काय, तें आपण आज पाहावें. नसेल तर ती आजपासूनच सुरू करावी.